नरसिंहाचा कंठ

गेल्या महिन्यात एका घरगुती कामासाठी आम्हांस हैदराबादेस जाणे प्राप्त झाले. मुसी नदीच्या दक्षिणेस मलकपेठ नावाची जुनी वस्ती आहे. कांदा-मिरचीचा गंज आणि घोड्यांच्या शर्यतीचे मैदान यांमुळे ती शहरभर परिचित आहे. तेथे आमच्या मावसभावाचे बिऱ्हाड गेली अनेक वर्षे आहे. घरात मराठी, दारात तेलुगू आणि बाजारात दखनी अशा तीन भाषांत सुखाने नांदणारे हे कुटुंब. संध्याकाळी चहा घेत बसलो असता आतल्या खोलीतून असा काही आवाज आला, की हातातली बशी हिंदकळली. एखादे जनावर सापळ्यात सापडून गुरगुरावे तसा तो आवाज होता. आम्ही दचकून उठलो तेव्हा मावसभाऊ खिन्नपणे म्हणाला, "बसा दादा. आमचे चिरंजीव गातायत."

चिरंजीवांचे वय 19. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात दोन विषय राहिलेले. मित्र थोडे, बोलणे त्याहून थोडे. रोज संध्याकाळी तासभर दार लावून तो 'हेवी मेटल' नामक प्रकारचे गायन करतो आणि पुढे आयुष्यभर हेच करीन म्हणतो. शेजाऱ्यांनी दोनदा तक्रार केली होती. वडिलांनी गिटार कुलपात घालण्याची धमकी दिली होती आणि मुलाने घर सोडण्याची. "तुम्ही वडीलधारे आहात, चार बुकं वाचलेले आहात. त्याला समजावा," अशी आम्हांस गळ घालण्यात आली. आम्हीही ती जबाबदारी आनंदाने पत्करली. त्या वेळी आमचे मत पक्के होते. हे गाणे नव्हे, हा आरडाओरडा आहे, आणि तरुण वयात गोवर-कांजिण्या येतात तसा तो येऊन जाईल, अशी आमची ठाम समजूत होती.

समजवायला गेलो आणि दोन तास ऐकत बसलो. त्या मुलाने आमच्याशी वाद घातला नाही. "काका, आधी एका माणसाची गोष्ट सांगतो, मग तुम्ही बोला," एवढेच तो म्हणाला. परतल्यावर आम्ही ती गोष्ट आमच्या परीने तपासून पाहिली. ती वाचकांपुढे ठेवावी असे वाटते, याचे कारण त्या माणसाच्या उद्योगाचा आपल्या कोकण-गोव्याच्या मातीशी अनपेक्षित संबंध निघाला.

त्या माणसाचे नाव साहिल मखिजा. राहणार मुंबई. आपल्या वर्तुळात तो 'डेमनस्टीलर' या नावाने ओळखला जातो. 2000 साली मुंबईत त्याने 'डेमॉनिक रिझरेक्शन' नावाचा बँड स्थापन केला. तो त्याचा गायकही आहे आणि गिटारवादकही. त्या काळी या देशात स्वतःची गीते रचून गाणाऱ्या अशा बँडला कोणी दारात उभे करीत नसे. ध्वनिमुद्रण करणाऱ्या कंपन्यांना चित्रपटसंगीतापलीकडे रस नव्हता. मुंबईत धोबीतलावाजवळच्या रंगभवनात 1986 पासून 'इंडिपेंडन्स रॉक' हा मेळावा भरत असे. ते खुले नाट्यगृह शांतता क्षेत्रात येत असल्याने तेथील असे कार्यक्रम बंद पडले आणि होता तो आधारही गेला. अशा वेळी दुसऱ्या कोणी नशिबाला बोल लावला असता. मखिजाने घरातच ध्वनिमुद्रणाची सोय केली, स्वतःची प्रकाशनसंस्था काढली, इतरांचेही संगीत प्रसिद्ध केले आणि नवोदितांना मंच मिळावा म्हणून कार्यक्रम भरविले. 2005 मध्ये 'अ डार्कनेस डिसेंड्स' आणि 2010 मध्ये 'द रिटर्न टू डार्कनेस' हे त्याच्या बँडचे संग्रह निघाले. त्याच 2010 साली इंग्लंडच्या 'मेटल हॅमर' या नियतकालिकाने 'ग्लोबल मेटल' विभागाचे पारितोषिक या मुंबईकरांना दिले. 2014 साली जर्मनीतील वाकेन येथे भरणाऱ्या, या संगीताच्या पंढरीत त्यांनी हजेरी लावली.

एवढ्यावरून कोणास वाटेल की आता पैशांचा पाऊस पडला असेल. तसे मुळीच झाले नाही. भारतात हे संगीत गाऊन पोट भरत नाही, हे मखिजाला पहिल्यापासून ठाऊक असावे. त्याने पाककृतींचा एक कार्यक्रम सुरू केला. 'हेडबँगर्स किचन' हे त्याचे नाव. प्रारंभी त्यात पाककृतींच्या जोडीला या क्षेत्रातील कलावंतांच्या मुलाखतीही असत. पुढे पिष्टमय पदार्थ वर्ज्य करणाऱ्या आहाराच्या पाककृतींनी त्यास जगभर प्रेक्षक मिळवून दिले. दिवसा कढई आणि रात्री गर्जना असा हा संसार आहे. आपल्याकडे दशावतारी नट दिवसा शेतात राबतो आणि रात्री राजाचा मुकुट चढवतो. त्याची आठवण आम्हांस झाली ती येथे. आणि योगायोग असा की 2017 साली मखिजाच्या बँडने जो संग्रह प्रसिद्ध केला, त्याचे नावच मुळी 'दशावतार'!

मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार आणि दहा गीते. नववे बुद्धाचे. सहावे परशुरामाचे, ज्याने समुद्र हटवून आपली ही किनारपट्टी वसविली अशी आपली श्रद्धा आहे. विजेच्या गिटारी आणि अंगावर चालून येणारे ढोल यांच्या संगतीस भारतीय वाद्ये आहेत. आम्ही ते सर्व ऐकले. सारे आवडले असे म्हणणे खोटे ठरेल. परंतु नरसिंहाच्या गीतापाशी आम्ही थांबलो. खांब फोडून जो बाहेर आला तो ना धड मनुष्य होता, ना धड पशू. त्याने कोणत्या आवाजात गर्जना केली असेल? भूपाळीच्या खचितच नव्हे. त्या प्रसंगास शोभेल असा कंठ शोधायचा म्हटले, तर मलकपेठच्या त्या बंद खोलीतून आला तोच शोधावा लागेल.

आणि तो कंठ आपणांस खरोखर एवढा परका आहे काय? कार्तिकापासून वैशाखापर्यंत सिंधुदुर्गात आणि आपल्या पेडण्याच्या बाजूस जत्रांचे दिवस असतात. पेटी, मृदंग आणि झांज यांच्या साथीने आडदशावतार होतो, वेद पळविणारा संकासूर येतो, त्याचे पारिपत्य होते आणि मग आख्यान लागते. मध्यरात्री राक्षसपार्टीचा नट आरोळी ठोकत मंडपात शिरतो, तेव्हा पेंगणारी पोरे आईला घट्ट बिलगतात. ती आरोळी संगीत आहे की नाही असा प्रश्न आपण कधी विचारला नाही. ती राक्षसाची आहे, म्हणून ती तशीच हवी, एवढे आपणांस कळते. गोंधळ्याचा चढा सूर आणि पोवाडा म्हणणाऱ्या शाहिराची फाटेस्तोवर ताणलेली हाक यांचेही तेच. आपल्या परंपरेत गोड गळ्यास मान आहे खरा, पण रौद्र, भयानक आणि बीभत्स हेही रसच मानलेले आहेत. रस नऊ मानायचे आणि घरात मात्र दोन-तीनच चालतील म्हणायचे, हा न्याय कोठला?

या संगीताचा जन्म श्रीमंतांच्या चैनीतून झाला असाही एक समज आहे. वस्तुस्थिती उलट आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम हे कारखान्यांचे शहर. तेथील टोनी आयॉमी नावाचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात काम करीत असता यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबणारी बोटे तीच. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणे केली आणि पुढे तारा सैल करून सूर खाली उतरविला. त्यातून जो जड, खोल नाद निघाला त्याने हेवी मेटलची ओळख घडविली. त्याचा सोबती ऑझी ऑस्बर्न काही काळ कत्तलखान्यात कामास होता. या मंडळींच्या 'ब्लॅक सॅबथ'चा पहिला संग्रह फेब्रुवारी 1970 मध्ये निघाला. 5 जुलै 2025 रोजी ऑझीने आपल्याच गावी निरोपाचे गाणे म्हटले आणि त्याच महिन्याच्या 22 तारखेस जगाचा निरोप घेतला. कामगार वस्तीतील मुलांनी यंत्रांच्या खडखडाटाला दिलेले उत्तर म्हणजे हे संगीत. ते ऐकून कानठळ्या बसतात, यात नवल नाही.

या श्रोत्यांची तर्जनी आणि करंगळी उभारून केलेली खूण पाहून मावसभावास ती सैतानाची वाटली होती. ती रूढ करणारा गायक रॉनी जेम्स डिओ 2010 साली निवर्तला. तो सांगत असे की ही खूण त्याने आपल्या इटालियन आजीकडून उचलली आणि ती दृष्ट लागू नये म्हणून हा हात करीत असे. म्हणजे आपल्या आजीची मीठमोहरीच की!

असे असले तरी आम्ही सरसकट या पंथाची दीक्षा घेतली आहे, असे कोणी समजू नये. या गीतांत पोरकट बीभत्सपणाही पुष्कळ असतो. कार्यक्रमांत गैरशिस्तही घडते. ऑक्टोबर 2011 मध्ये गुडगाव येथे 'मेटॅलिका'चा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला तेव्हा जमावाने मंचाची मोडतोड केली होती. दोनच दिवसांनी बंगळुरास त्याच बँडचा कार्यक्रम यथासांग पार पडला, हेही नमूद केले पाहिजे. शेजाऱ्याच्या झोपेवर अतिक्रमण करण्याचा हक्क कोणत्याही कलेस नाही. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद ठेवण्याचा नियम जत्रेस लागू असेल तर तो या मुलांसही लागू आहे. आणि गळ्याची काळजी ही तर सर्वांत मोठी गोष्ट. जाणकार सांगतात की हा गुरगुराट खऱ्या स्वरतंतूंवर जोर देऊन काढायचा नसतो. त्यांच्या वर ज्या दुसऱ्या घड्या असतात त्यांचे कंपन आणि पोटातून घेतलेला श्वास यांवर तो उभा असतो. शिक्षणावाचून नुसते ओरडणारा आपला कंठ बसवून घेतो. तंबोरा घेऊन बसणाऱ्यास जितका रियाज लागतो, त्याहून येथे कमी लागत नाही.

मखिजाची गोष्ट येथे पुन्हा आठवते. 2023 साली त्याने 'द प्रोपगंडा मशीन' या नावाचा एकट्याचा संग्रह काढला. निरनिराळ्या देशांतील वादक त्यात साथीस आहेत. विषय अपप्रचाराचा, म्हणजे असत्य वारंवार सांगून माणसांची मने कशी ताब्यात घेतली जातात याचा. आम्ही वृत्तपत्रवाले ज्याविषयी अग्रलेख लिहितो, तेच हा गृहस्थ गर्जून सांगतो. आमचे किती जण ऐकतात आणि त्याचे किती, याचा हिशेब मांडण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु बँड स्थापिल्यानंतर तेवीस वर्षांनीही, अल्प मोबदल्यात, बहुसंख्यांच्या नापसंतीत, जो मनुष्य आपले काम सोडीत नाही, त्यास 'नादी लागलेला' म्हणून निकालात काढणे आम्हांस तरी जमले नाही. व्रत आणि वेड यांतील भेद बहुधा काळच ठरवितो, आणि काळाने येथे आपला कौल बराचसा दिलेला आहे.

मलकपेठच्या त्या घरी रात्री जेवताना आम्ही मावसभावास आमचे मत सांगितले. गिटारीस कुलूप घालू नये. सरावाची वेळ ठरवावी, खिडकीला जाड पडदा लावावा, गळ्याचे शिक्षण देणारा कोणी शोधावा. हैदराबादेतही 'गॉडलेस'सारखा या संगीताचा बँड आहे, तेव्हा मार्गदर्शन अगदीच दुर्लभ नसावे. मुलाने मात्र राहिलेले दोन विषय सोडवावेत, कारण ज्याचे उदाहरण तो देतो त्यानेही पोटाचा उद्योग वेगळा ठेवूनच आपले गाणे जगविले. मावसभाऊ म्हणाला, "तुम्हाला समजवायला पाठवलं, तर तुम्हीच समजून आलात!" त्याच्या स्वरात नाराजी होती, आणि ती रास्तही होती. बापाची काळजी दोन तासांच्या श्रवणाने हलकी होत नाही.

त्या वेळी आतापर्यंत गप्प असलेली मावशी बोलली. तिचे वय 81, पहाटे काकडआरती म्हणणारी. ती म्हणाली, "दिवसभर घरात त्याचा शब्द ऐकू येत नाही रे. तो तेवढा ओरडतो तेव्हा कळतं, पोर घरात आहे."

यापुढे आम्हांस सांगण्यासारखे काही उरले नाही. आपल्या गोव्यातही अशी बंद दारे थोडी नसतील. त्यांच्याआडून येणारा आवाज आपल्या कानांस रुचेल असे नाही, आणि रुचलाच पाहिजे अशी सक्तीही नाही. परंतु दार ठोठावून 'बंद कर' म्हणण्यापूर्वी एकदा आत जाऊन बसावे, एवढे तर आपण खचित करू शकतो.