गांकुत्सुओ : द्युमाची सूडकथा, पण शत्रूच्या मुलाच्या नजरेतून

'द काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' ही अलेक्झांडर द्युमाची कादंबरी 1844 ते 1846 या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. जवळच्यांनीच घात केल्यामुळे तरुण खलाशी एदमों दांतेस चौदा वर्षं तुरुंगात सडतो. मग अफाट श्रीमंत काउंट होऊन परततो आणि एकेकाचा हिशोब चुकता करतो.

जपानच्या गोंझो स्टुडिओने 2004 मध्ये या कादंबरीवर 'गांकुत्सुओ' ही 24 भागांची अ‍ॅनिमे मालिका केली. दिग्दर्शक माहिरो माएदा. काळ थेट इसवी सन 5053! पॅरिस तेच, पण अंतराळयानांच्या युगातलं. सुरुवात होते चंद्रावरच्या कार्निव्हलमध्ये.

खरी कमाल कथनाच्या जागेत आहे. कादंबरीत आपण आधी दांतेसबरोबर अन्याय सोसतो. इथे कथा अल्बेरची आहे, म्हणजे काउंटच्या शत्रूच्या मुलाची. या गूढ काउंटवर तो भाळतो आणि त्याच्याबरोबर आपणही. त्यामुळे सुडाची झळ निरपराध पुढच्या पिढीला कशी बसते, हे फार जवळून दिसतं.

चित्रशैलीही विलक्षण. कपड्यांवरची नक्षी पात्रांबरोबर हलत नाही. माणूस चालतो, नक्षी मात्र जागच्या जागी राहते. पहिल्या भागात डोळ्यांना त्रास होईल, पण नंतर त्याचीच गोडी लागते. संगीत 'द स्ट्रँगलर्स' बँडच्या झाँ-जाक बर्नेलचं.

कादंबरी वाचली असेल तरी नक्की बघा. आणि शेवट कुणाकडूनही आधी ऐकू नका!

#अ‍ॅनिमे #गांकुत्सुओ #द्युमा