दुकानदार 'क्रेडिट कार्ड नको, यूपीआय करा' असं का म्हणतो?

मोबाईलच्या दुकानात गेलात, वीस हजारांचा फोन पसंत केला आणि क्रेडिट कार्ड पुढे केलं, की काउंटरवरचा माणूस बऱ्याचदा म्हणतो, "साहेब, यूपीआय नाही का? कार्डावर दोन टक्के जास्त पडतील." आपल्याला वाटतं, लुटतोय. पण हे दोन टक्के येतात कुठून?

तर कार्ड स्वाइप झालं की दुकानदाराला पूर्ण रक्कम मिळत नाही. बँक आधी आपला वाटा कापते. याला म्हणतात एमडीआर, म्हणजे मर्चंट डिस्काउंट रेट. क्रेडिट कार्डावर तो साधारण दीड ते तीन टक्के असतो. दोन टक्के धरू. २० हजारांवर ४०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ७२ रुपये. दुकानदाराच्या खात्यात आले १९,५२८. आता समजा या फोनवर त्याचं मार्जिन ५ टक्के आहे, म्हणजे १ हजार रुपये. त्यातले ४७२ गेले. जीएसटी नोंदणी असेल तर ७२ रुपयांचं क्रेडिट मिळतं, पण कंपोझिशन स्कीममधल्या छोट्या दुकानदाराला तेही नाही.

हे ४०० रुपये कुणाला मिळतात? सगळ्यात मोठा वाटा तुम्हाला कार्ड देणाऱ्या बँकेचा. तुम्ही पैसे महिना-दीड महिन्याने भरता, बँक ते आधी देते, बुडण्याची जोखीम घेते. शिवाय तुमचे रिवॉर्ड पॉइंट्सही बऱ्याच अंशी याच पैशातून येतात. बाकीचं व्हिसा, मास्टरकार्डसारखं नेटवर्क आणि दुकानदाराला मशीन देणारी बँक वाटून घेतात. मशीनचं भाडं वेगळं. माल परत आला तर कापलेला एमडीआर बऱ्याचदा परत मिळत नाही, तो भुर्दंडही दुकानदारावरच.

आता डेबिट कार्डाशी तुलना करा. तिथे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ पासून मर्यादा घातली आहे. वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असलेल्या दुकानदाराला मशीनवर जास्तीत जास्त ०.४० टक्के, इतरांना ०.९० टक्के. म्हणजे त्याच फोनवर ८० किंवा १८० रुपये. रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआयवर तर जानेवारी २०२० पासून एमडीआर शून्य. क्रेडिट कार्डावर मात्र अशी मर्यादा नाही. दर बँक आणि दुकानदार यांच्यात ठरतो, आणि घासाघीस करण्याची ताकद मोठ्या मॉलकडे असते, गल्लीतल्या दुकानाकडे नसते.

यावरून मोठा राडाही झालाय. नोटबंदीनंतर, जानेवारी २०१७ मध्ये बँकांनी पेट्रोल पंपांकडून एक टक्क्यापर्यंत शुल्क घ्यायचं ठरवलं. पंपचालकांनी सांगितलं, आम्ही कार्ड घेणंच बंद करतो. कारण साधं होतं. किराणावाला दोन रुपये भाव वाढवू शकतो, पंपवाला नाही, त्याचं कमिशन ठरलेलं असतं. शेवटी सरकार मध्ये पडलं आणि हा बोजा ग्राहक किंवा पंपचालक यांच्यावर पडणार नाही असं जाहीर करावं लागलं.

मग दुकानदाराने दोन टक्के आपल्याकडून मागणं बरोबर आहे का? डेबिट कार्डावर असा सरचार्ज लावणं योग्य नाही, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना कळवलंय. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत दुकानदाराने मशीन घेताना बँकेशी केलेल्या करारातच सहसा मनाई असते. त्यामुळे बिलात वेगळी रक्कम लावली तर बँकेकडे तक्रार करता येते. पण दुकानदार हुशार असतो. तो सरचार्ज म्हणत नाही, 'कॅश डिस्काउंट' म्हणतो. किंवा सरळ सगळ्यांसाठीच भाव थोडा चढवतो. मग रोख देणारी मावशी तुमच्या रिवॉर्ड पॉइंट्सचे पैसे भरते, तिला पत्ताही नसतो.

सध्याची नवी कुरबुर यूपीआयवरच्या रुपे क्रेडिट कार्डाची आहे. ग्राहक नेहमीसारखा क्यूआर स्कॅन करतो, पण खात्यातून नाही, क्रेडिट कार्डातून पैसे देतो. छोट्या दुकानदाराला २ हजारांपर्यंत शुल्क नाही, त्यावर मात्र लागतं. संध्याकाळी हिशोब जुळवताना त्याला कळतं की 'फुकट' यूपीआयमध्ये काही रुपये कमी आलेत.