मध्ययुगीन लंडनची घाण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मध्ययुगीन लंडनचे लोक खिडकीतून मैला सरळ रस्त्यावर ओतत आणि त्याचे कुणाला काही वाटत नसे, हा समज फार खोल रुजला आहे. असे प्रकार घडत, पण तो गुन्हा होता. रस्त्यात घाण टाकणाऱ्याला दंड होई. शिवाय रस्ते झाडून कचरा गाड्यांतून बाहेर नेण्यासाठी शहराच्या विभागांत ‘रेकर’ नावाचे सफाईवाले नेमलेले असत.

शौचालयेच नव्हती, हेही खरे नाही. पुष्कळ घरांना शौचकूप होता आणि त्याची जागा नियमाने ठरे: दगडी बांधणीचा खड्डा शेजाऱ्याच्या हद्दीपासून किमान अडीच फूट, बिनबांधणीचा साडेतीन फूट दूर. शेजाऱ्यांची तक्रार आली की महापौर आणि नगरपिते तिची सुनावणी करत. 1314 मध्ये ॲलिस वेड या बाईने माडीवरच्या शौचालयाची लाकडी नळी पावसाच्या गटाराला जोडली. गटार तुंबून दुर्गंधी सुटली, तेव्हा नळी काढण्याचा हुकूम झाला. इतक्या बारीकसारीक बाबतीत दाद मागणाऱ्या लोकांना घाणीची सवय झाली होती, असे म्हणणे अन्यायाचे आहे. भरलेले खड्डे उपसणाऱ्यांना मजुरीही चांगली मिळे, कारण काम किळसवाणे आणि धोक्याचे होते. 1326 मध्ये रिचर्ड नावाचा एक रेकर स्वतःच्याच शौचालयाच्या कुजलेल्या फळ्या मोडून खड्ड्यात बुडून मेला.

सार्वजनिक सोयही होती. महापौर रिचर्ड व्हिटिंग्टनच्या ठेवीतून पंधराव्या शतकात थेम्सकाठी 128 बैठकांचे शौचालय उभे राहिले. निम्म्या पुरुषांसाठी, निम्म्या स्त्रियांसाठी. खालचा मैला भरतीचे पाणी वाहून नेई.

पाणी पिण्यालायक नसल्याने सगळे बिअरच पीत, हा समजही टिकत नाही. तेराव्या शतकातच टायबर्नच्या झऱ्यांचे पाणी शिशाच्या नळांतून चीपसाइडपर्यंत आणले गेले होते.

तरीही शहर स्वच्छ नव्हते. खाटिकांची आतडी-कातडी नदीत जात. खंदकांत आणि नद्यांत घाण टाकणाऱ्यांना 1388 च्या कायद्याने वीस पौंड दंड ठरवला, पण अशी फर्माने वारंवार काढावी लागली, यावरूनच ती कितपत पाळली जात हे दिसते. दुर्गंधीने रोग होतो अशी समजूत असल्याने लक्ष वासाकडे राही. खड्ड्यातून विहिरीत झिरपणारा मैला नजरेआड होई. सबंध शहराला जोडणारी गटारव्यवस्था लंडनला 1858 च्या उन्हाळ्यातल्या असह्य दुर्गंधीनंतर, जोसेफ बॅझलगेटच्या आराखड्यानुसार मिळाली.