फर्दापूरचा डोंगर पाणी कसं धरतो?

फर्दापूरच्या टी-पॉइंटवर अजिंठा लेणीच्या बसची वाट पाहत उभे राहिलात, की स्फटिकाचे दगड विकणारे हमखास भेटतात. बाहेरून काळपट, ओबडधोबड दगड. आतल्या पोकळीत पांढरे, चमचमते दाणे. असा एक दगड हातात घ्या आणि मग समोरच्या डोंगराकडे बघा. त्यावरचं रान कशाच्या बळावर उभं आहे, हे त्या पोकळीवरून कळतं.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहिला. दरवेळी तो थिजला, की खडकाचा एक थर तयार होई. थिजताना वर चढणारे वायूचे बुडबुडे थराच्या वरच्या भागात अडकले आणि तिथे पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या पाण्यातली खनिजं त्यांत साचून स्फटिक झाले. अशा थराचा माथा बहुधा सच्छिद्र असतो, पोट मात्र घट्ट.

पावसाचं पाणी या सच्छिद्र भागात आणि भेगांत मुरतं, खालच्या घट्ट कातळावर अडतं आणि आडवं सरकतं. उतारावर तो सांधा उघडा पडला, की तिथे झरा लागतो. थर एकसारखे झिजत नाहीत, म्हणून डोंगराला पायऱ्या पडतात. वाघूर नदी लेण्यांच्या वरच्या बाजूला सात टप्प्यांनी उतरते, तेच सातकुंड. पुढे तिने कोरलेल्या नालाकृती दरीच्या ७६ मीटर उंच कड्यात अजिंठ्याची ३० लेणी आहेत.

रानाची मांडणीही पाण्याप्रमाणेच. मुरमाड उतारावर सालई, धावडा, खैर. माती जरा खोल असेल तिथे साग. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळा, हात लाल होतो. पाणी वाचवायला साग उन्हाळ्यात पानं टाकतो आणि डोंगर उघडा पडतो. नाल्याकाठचे उंबर, जांभूळ, करंज मात्र सावली धरून असतात. वानरं, मोर, रानडुकरं, नीलगायी तिकडे वळतात; त्यांच्या मागावर बिबट्याही येतो.

फर्दापूरचा डोंगर ज्या अजिंठ्याच्या रांगेत येतो, ती एका गावापुरती नाही. तापी आणि गोदावरीची खोरी वेगळी करत ती पूर्व-पश्चिम पसरली आहे. पश्चिमेला १९८६ मध्ये घोषित झालेलं गौताळा-औट्रमघाट अभयारण्य, पूर्वेला बुलढाण्याचं ज्ञानगंगा. यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला एक वाघ २०१९ मध्ये ज्ञानगंगेत पोचला, तर टिपेश्वरचाच दुसरा २०२१ मध्ये गौताळ्यात दिसला. इतकी मजल मारायची, तर वाटेत आडोसा लागतो आणि पाणीही.

म्हणूनच इथला वणवा नुसतं गवत जाळत नाही. पालापाचोळा जळाला, की उघड्या उतारावरून पाऊस मुरण्याआधीच वाहून जातो आणि झऱ्याला मिळायचं पाणी हुकतं. डोंगरात विडीचं थोटूक टाकण्याआधी एवढं ध्यानात असू द्यावं.