टर्बो बसवायचाय? मग १९९४ ची मियाटा बघा

अमेरिकेत जुन्या गाड्यांच्या बाजारात १९९० ची माझदा मियाटा स्वस्तात दिसली, तरी लगेच हुरळून जाऊ नका. तिच्या १.६ लिटर इंजिनात क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड होतं. पुलीचा बोल्ट जरा सैल झाला की पुली अडकवणाऱ्या चावीचं घर (की-वे) झिजतं, पुली डगमगते आणि शेवटी क्रँकच बाद होतो. पुलीवर चार खाचा दिसल्या तर टोक आखूड. आठ असतील तर पुढची, सुधारलेली आवृत्ती.

पण टर्बो बसवणाऱ्यासाठी खरी गोम मागच्या डिफरन्शियलमध्ये आहे. १.६ मधलं क्राउन व्हील ६ इंची, जास्तीचा जोर त्याला पेलवत नाही. १९९४ पासून १.८ लिटर इंजिनासोबत ७ इंची, दणकट डिफरन्शियल आलं, ब्रेकही मोठे झाले. वजन थोडं वाढलं, तरी मी १९९४ चीच शोधेन. मात्र दारांखालचा पत्रा गंजलेला असेल, तर तीही नको.