पावसाचे आकडे आणि ‘आर’ची मेमरी

‘पूर्वीसारखा पाऊस आता राहिला नाही’ हे वाक्य रत्नागिरीत दर पावसाळ्यात ऐकू येते. ते खरे की खोटे, हे तपासायची सामग्री आज कुणालाही मिळू शकते. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पुणे कार्यालयाने देशभरातल्या सुमारे सात हजार पर्जन्यमापकांच्या नोंदींवरून १९०१ पासूनचा रोजचा पाऊस एका जाळीवर मांडला आहे. डी. एस. पै आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘मौसम’ या नियतकालिकात त्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्या आकड्यांतला कल शोधायचे साधनही विनामूल्य आहे: ‘आर’ ही संख्याशास्त्राची संगणकभाषा.

सामग्री मोफत, साधन मोफत, तरीही काम अडते. चार जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर विद्यार्थी सगळ्या वर्षांच्या फायली एकदम उघडू पाहतो आणि एवढा व्हेक्टर, म्हणजे आकड्यांची सलग रांग, ठेवायला जागा नाही, असे सांगून आर थांबते. बहुतेक जण तिथेच हात टेकतात आणि मोठा संगणक नाही म्हणून विषय बदलतात. खरी उणीव मात्र आर आकडे कुठे ठेवते, त्यांची प्रत केव्हा काढते आणि जागा केव्हा सोडते, याच्या माहितीची असते. ही माहिती करून घेणे आणि तिच्या आधारे केलेले काम पॅकेजच्या, म्हणजे कुणालाही जसाच्या तसा वापरता येणाऱ्या आज्ञावलींच्या संचाच्या, रूपात इतरांना देणे, या दोन्ही गोष्टी कोकणातल्या महाविद्यालयांना आज अत्यंत गरजेच्या आहेत, असे माझे ठाम मत आहे.

ऑकलंडहून आलेली भाषा

अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये ‘एस’ ही भाषा घडवायला सुरुवात केली. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी तिच्याच वळणाची, पण आतून ‘स्कीम’ या भाषेच्या तत्त्वांवर उभी असलेली नवी भाषा लिहिली. १९९५ मध्ये ती मुक्त परवान्याखाली खुली झाली. १९९७ मध्ये कुर्ट हॉर्निक आणि फ्रिडरिक लाइश यांनी व्हिएन्नात ‘क्रॅन’ हे पॅकेजचे भांडार सुरू केले आणि २९ फेब्रुवारी २००० रोजी आरची १.०.० ही आवृत्ती आली. आज क्रॅनवर वीस हजारांहून अधिक पॅकेज आहेत. आरच्या मूळ गाभ्यावर काम करणाऱ्या मोजक्या लोकांत दिल्लीच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतले दीपायन सरकार आहेत. आलेखांसाठी जगभर वापरले जाणारे ‘लॅटिस’ हे पॅकेज त्यांचेच.

एका दिवसाचे १७,४१५ आकडे

हवामान विभागाची जाळी पाव अंशाची आहे. रेखांशांवर १३५ आणि अक्षांशांवर १२९ बिंदू, म्हणजे एका दिवसाचे १७,४१५ आकडे. १९०१ ते २०२० या १२० वर्षांत ४३,८३० दिवस येतात. दोन्हींचा गुणाकार ७६ कोटी ३२ लाखांच्या पुढे जातो. फायलीत प्रत्येक आकडा चार बाइटचा असला तरी आरमध्ये दशांश आकडा नेहमी आठ बाइट घेतो. त्यामुळे संपूर्ण संच मेमरीत आणायला सुमारे ६.१ जीबी लागतात आणि त्याची एक जरी प्रत निघाली तरी १२ जीबी ओलांडले जातात.

रत्नागिरीच्या प्रश्नाला एवढे सगळे लागत नाही. शहराच्या पूर्वेचा, १७ अंश अक्षांश आणि ७३.५ अंश रेखांशावरचा बिंदू घ्या. जाळी ६.५ आणि ६६.५ अंशांपासून सुरू होते. म्हणून हा बिंदू ४३ व्या ओळीत २९ व्या जागी, म्हणजे दिवसाच्या आकड्यांत ५,६९९ वा येतो. एका वर्षाची फाइल उघडावी, त्यातून एवढीच जागा उचलावी, बाकी सोडून द्यावे आणि पुढच्या वर्षाकडे जावे. एका वेळी मेमरीत जास्तीत जास्त ५१ एमबी येतात आणि १२० वर्षांची मालिका हाती उरते ती साडेतीन लाख बाइटची. हे काम कोणत्याही जुन्या लॅपटॉपवर होते.

मालिका कशी जमवायची, यालाही महत्त्व आहे. रोजचा आकडा जुन्या व्हेक्टरच्या शेपटाला जोडत गेलो तर आर प्रत्येक वेळी नवी जागा घेते आणि आधीचे सगळे आकडे तिथे उतरवते. ४३,८३० वेळा असे केले की साडेतीनशे केबीच्या मालिकेसाठी सुमारे ७.७ जीबी आकड्यांची उचल-ठेव होते. आधीच ४३,८३० जागांचा रिकामा व्हेक्टर करून त्यात आकडे भरले, तर ही सगळी ये-जा टळते. प्रत्येक दिवसाचा आकडा लिस्टमध्ये सुटा ठेवणे तर आणखी महाग. आरच्या प्रत्येक व्हेक्टरला ४८ बाइटचे शीर्ष असते, त्यामुळे एकुलता आकडाही ५६ बाइट व्यापतो.

नावे अनेक, वस्तू एक

आरमध्ये एका व्हेक्टरला दुसरे नाव दिले की लगेच प्रत निघत नाही. सातबाऱ्यावर चार भावांची नावे असली तरी जमीन एकच असते आणि कुणी वाटणी मागेपर्यंत बांध पडत नाही, तसेच हे आहे. दोन्ही नावे एकाच जागेकडे बोट दाखवतात. त्यांपैकी एका नावाने आकडा बदलायला गेलो की मगच आर वेगळी प्रत काढते. म्हणूनच एखाद्या फंक्शनला सहा जीबीचा संच दिला तरी नुसता वाचण्यासाठी खर्च होत नाही. फंक्शनच्या आत एक आकडा बदलला की मात्र सगळा संच दुप्पट होतो.

एका वस्तूला किती नावे आहेत, याचा हिशेब आर पूर्वी ढोबळपणे ठेवत असे: एक नाव, की एकापेक्षा जास्त. एकदा ‘जास्त’ अशी नोंद झाली की दुसरे नाव नाहीसे झाल्यावरही ती सहसा खाली येत नसे आणि गरज नसताना प्रती निघत. २०२० च्या ४.०.० आवृत्तीपासून खरी मोजणी होऊ लागली. त्याआधी २०१४ च्या ३.१.० आवृत्तीत आणखी एक सुधारणा झाली होती. डेटा फ्रेमचा, म्हणजे आरमधल्या कोष्टकाचा, एक स्तंभ बदलला तर तेवढाच नवा होतो, बाकीचे स्तंभ जागच्या जागी राहतात. २०१८ च्या ३.५.० आवृत्तीने तर १ ते १०० कोटी असा क्रम प्रत्यक्ष न मांडता केवळ आरंभ, लांबी आणि टप्पा एवढ्यावर सांभाळायला सुरुवात केली. तो पूर्ण मांडला असता तर चार जीबी लागले असते. वर्गात आर शिकवताना ‘ट्रेसमेम’ ही आज्ञा जरूर दाखवावी. वस्तूची प्रत निघाली की ती लगेच सांगते आणि मुलांना आपल्या ओळीचा खरा खर्च दिसतो.

देवनागरी मजकुराची जागा

आपल्या नोंदींत गावांची, आंब्याच्या जातींची, माशांची नावे मराठीत असतात आणि असायलाही हवीत. अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘रत्नागिरी’ लिहायला नऊ चिन्हे, म्हणजे २७ बाइट लागतात. वाचणाऱ्याला चार अक्षरे दिसतात, पण आरला लांबी विचारली तर नऊ असे उत्तर येते. हे माहीत नसलेला माणूस नावाचा पहिला तुकडा कापायला जातो आणि मात्रा मूळ अक्षरापासून तुटते. अशा कामांसाठी आणि मराठी वर्णक्रमाने यादी लावण्यासाठी मारेक गागोलेव्हस्की यांचे ‘स्ट्रिंगी’ हे पॅकेज उपयोगी पडते.

मराठी नावे लिहिली की मेमरी फार खाल्ली जाते, हा समज मात्र चुकीचा आहे. २००७ च्या २.६.० आवृत्तीपासून आर प्रत्येक वेगळी अक्षरमाळ एकदाच साठवते. ४३,८३० ओळींत ‘रत्नागिरी’ लिहिले तरी शब्द एकच राहतो आणि प्रत्येक ओळीत त्याचा आठ बाइटचा पत्ता असतो. फॅक्टर केले, म्हणजे नावाऐवजी त्याचा क्रमांक ठेवला, तर ओळीमागे चारच बाइट लागतात. विंडोजवर देवनागरीऐवजी कंसातले सांकेतिक आकडे दिसण्याचा जुना त्रासही २०२२ च्या ४.२.० आवृत्तीने बऱ्याच अंशी संपवला. नव्या विंडोजवर आर आता मुळातच यूटीएफ-८ वापरते. तेव्हा नोंदी मराठीत ठेवायला कुणी संकोच करू नये.

जागा मोकळी करणारा

नको झालेल्या वस्तू आवरण्याचे काम आर स्वतः करते. कोणतेही नाव जिच्याकडे पोचत नाही, अशी वस्तू शोधून तिची जागा मोकळी होते. ल्यूक टिअर्नी यांनी केलेल्या मांडणीत वस्तूंच्या पिढ्या आहेत: नव्या वस्तू वारंवार तपासल्या जातात, टिकून राहिलेल्या जुन्या क्वचित. बहुतेक वस्तू अल्पायुषी असतात, म्हणून ही व्यवस्था वेगवान ठरते.

पॅकेजमध्ये वेगासाठी सी भाषेतला भाग लिहिला की ही जबाबदारी लिहिणाऱ्यावर येते. सीमध्ये नवी आर-वस्तू घडवली की ती ‘प्रोटेक्ट’ करून ठेवावी लागते आणि काम संपल्यावर सोडावी लागते. ते विसरले, तर पुढची जागा मागताना सफाई सुरू होऊ शकते आणि हातातली वस्तूच निघून जाते. चूक लगेच दिसत नाही. शंभर वेळा उत्तर बरोबर येते आणि एकशे एकाव्या वेळी आज्ञावली कोसळते, किंवा त्याहून वाईट म्हणजे चुकीचा आकडा शांतपणे बाहेर येतो. ‘जीसीटॉर्चर’ ही आज्ञा प्रत्येक मागणीला सफाई लादते आणि असे दोष उघडे पाडते. डर्क एडेलब्युटेल आणि रोमाँ फ्रान्स्वा यांच्या हातून वाढलेले ‘आरसीपीपी’ हे पॅकेज वापरले तर ही राखण बहुतांशी आपोआप होते. नवख्याने तिथूनच सुरुवात करावी.

पॅकेज: तपासलेले आणि सांगितलेले काम

आपल्या संगणकावर चालणारी आज्ञावली आणि पॅकेज यांत मोठा फरक आहे. पॅकेजमध्ये लेखक, परवाना आणि अवलंबनांची नोंद असते, प्रत्येक फंक्शनचे उदाहरणासह पान असते, आकड्यांचे संच असतात आणि चाचण्या असतात. क्रॅनवर ठेवण्याआधी ते वेगवेगळ्या यंत्रणांवर तपासले जाते. पुढे आर बदलली आणि पॅकेज मोडले, तर दुरुस्ती करावी लागते. केली नाही तर ते मुख्य यादीतून जुन्या दप्तरात जाते. आकड्यांचे संच मागणीनुसार उघडतील अशी सोयही असते. शंभर संच पॅकेजमध्ये असले तरी ज्याला हात लावू तोच मेमरीत येतो.

या शिस्तीचे मोल पावसाच्याच उदाहरणावरून कळते. जाळीत समुद्रावरच्या आणि नोंद नसलेल्या बिंदूंना उणे ९९९ हा आकडा दिलेला असतो. किनाऱ्यालगतच्या जिल्ह्याची सरासरी काढताना तो तसाच मिसळला, तर निष्कर्ष पार बिघडतो. आरमध्ये ‘माहिती नाही’ यासाठी वेगळे मूल्य आहे. उणे ९९९ चे त्या मूल्यात रूपांतर करणारे फंक्शन एकाने लिहावे, त्याची चाचणी पॅकेजमध्ये बांधावी, म्हणजे पुढच्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्या खड्ड्यातून जावे लागणार नाही.

पुण्याचे शंभर संच

महाराष्ट्रात याचा फार चांगला आदर्श आहे. वसंत शंकर हुजूरबाजार यांनी १९५३ पासून पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राची परंपरा उभी केली. त्याच परंपरेतल्या अनिल गोरे, शरयू परांजपे आणि म. ब. कुलकर्णी या प्राध्यापकांनी अध्यापनासाठी प्रत्यक्ष जगातल्या आकड्यांचे शंभर संच जमवले. गोरे आणि परांजपे यांचे पर्यावरणातल्या संख्याशास्त्रावरचे इंग्रजी पुस्तक २००१ मध्ये प्रसिद्ध झाले होते. क्षेत्रात जाऊन आकडे आणण्याची सवय या मंडळींना जुनीच. प्रभंजन टट्टर यांनी त्यांच्या परवानगीने या संचांचे पॅकेज बांधले आणि तिन्ही आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव ‘जीपीके’ ठेवले. २०१३ मध्ये ते क्रॅनवर आले आणि पुण्याच्या वर्गातले आकडे जगातल्या कुठल्याही शिक्षकाला एका ओळीत मिळू लागले. या पॅकेजमागे मोठा निधी किंवा महागडे यंत्र नव्हते. आकडे नीट सांभाळणारे शिक्षक होते आणि ते बांधून देणारा एक माणूस होता.

शिकण्याची साधनेही आहेत. मुंबईच्या आयआयटीतल्या ‘फॉसी’ प्रकल्पाने आरच्या प्रसाराचे काम हाती घेतले आणि ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात आरचे धडे तयार झाले. आरचे संदेश अनुवादासाठी वेगळ्या फायलींत ठेवलेले असतात आणि प्रत्येक पॅकेजलाही तशा फायली जोडता येतात. चूक झाल्याचा संदेश मराठीत दाखवणारे पॅकेज लिहिणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही.

कोकणाचे काम

रत्नागिरी जिल्ह्यात आकड्यांची वाण नाही. दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून आंबा, काजू आणि भातावर प्रयोग करते आहे. शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. रत्नागिरीत १९४५ पासून चालत आलेले गोगटे-जोगळेकर महाविद्यालय आहे. प्रयोगांचे आकडे शोधनिबंधाच्या कोष्टकात छापले जातात आणि मूळ नोंदी कपाटात राहतात, हे चित्र बदलायला हवे. शेतकऱ्याच्या घामातून आणि सरकारी पैशातून आलेला आकडा पुन्हा वापरता आला पाहिजे.

सुरुवात लहान असावी. एका शिक्षकाने चार विद्यार्थ्यांना घेऊन ‘कोकण पाऊस’ असे पॅकेज बांधावे. जाळीतून जिल्ह्याचे बिंदू वाचणारे एक फंक्शन, उणे ९९९ काढणारे दुसरे, एकूण पाऊस आणि पहिल्या मोठ्या पावसाची तारीख देणारे तिसरे. प्रत्येकाचे मराठी पान, प्रत्येकाची चाचणी. पाऊस दशांश मिलिमीटरमध्ये पूर्णांक म्हणून ठेवला तर जागा निम्मी होते, हेही त्यातच शिकवता येईल. दुसऱ्या वर्षीच्या तुकडीने त्यात आंब्याच्या मोहोराच्या नोंदी घालाव्यात, तिसऱ्या वर्षीच्या तुकडीने बंदरावरच्या मासळीच्या. मेमरीचा हिशेब येणाऱ्या मुलाला मोठ्या शहरातल्या यंत्राची वाट पाहावी लागत नाही, आणि पॅकेज बांधणाऱ्या मुलाचे काम त्याच्या पदवीबरोबर संपत नाही. रत्नागिरीच्या पावसाबद्दलचा निर्णय रत्नागिरीत, सगळ्यांना तपासता येईल अशा पद्धतीने लागावा. त्यासाठी लागणारे सर्व काही आज हाताशी आहे. येत्या शैक्षणिक वर्षात कुणीतरी पहिली ओळ लिहायला घ्यावी.