परिचारिकेचे शिक्षण : वर्गातले आणि वॉर्डातले

बारावीचा निकाल लागला की ग्वाल्हेर, भिंड, मुरैना, दतिया, शिवपुरी या भागांतील पुष्कळ घरांतून एक प्रश्न हमखास निघतो : मुलीला नर्सिंगला घालावे काय? विदर्भातील किंवा मराठवाड्यातील एखाद्या खेड्यातही तो याच शब्दांत विचारला जातो. आई विचारते, रात्रपाळी असेल ना? वडील विचारतात, नोकरी लागेल ना? प्रश्न दोन्ही रास्त आहेत. परंतु त्यांच्या आधी विचारावयाचा तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ज्या संस्थेत मुलगी शिकावयास जाणार, त्या संस्थेजवळ रुग्ण आहेत काय? हा प्रश्न किती महत्त्वाचा आहे, ते ग्वाल्हेरइतके स्पष्टपणे अलीकडे दुसरीकडे क्वचितच दिसून आले असेल. म्हणून या लेखात त्या शहराचे उदाहरण घेतले आहे.

ग्वाल्हेरचा रुग्णसेवेशी संबंध जुना आहे. इ. स. १९०० मध्ये चीनमधील मोहिमेच्या वेळी माधवराव शिंदे यांनी जखमींच्या शुश्रूषेसाठी ‘ग्वाल्हेर’ या नावाचे एक रुग्णालय-जहाज सुसज्ज करून दिले होते. लष्कर भागातील जयारोग्य रुग्णालय हेही संस्थानी काळातीलच. त्याच्या जोडीने १९४६ मध्ये गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि स्त्रिया व मुलांसाठी कमलाराजा रुग्णालय आहे. आजूबाजूच्या जिल्ह्यांतून बैलगाडीने, पुढे एस्‌टीने व आता रुग्णवाहिकेने आलेला अवघड बाळंतपणाचा, सर्पदंशाचा, अपघाताचा रुग्ण अखेर येथेच पोहोचतो. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याप्रमाणेच परिचारिका होऊ पाहणाऱ्या मुलीचीही खरी शाळा म्हणजे असे भरलेले वॉर्डच होत.

परिचर्येचा अभ्यासक्रम मुख्यतः तीन प्रकारचा आहे. सहाय्यक परिचारिका-प्रसाविका हा दोन वर्षांचा. उपकेंद्रातील आरोग्यसेविका त्यातून तयार होते. सामान्य परिचर्या व प्रसविका, म्हणजे ज्याला सर्वजण ‘जीएनएम’ म्हणतात, तो तीन वर्षांचा. आणि बी. एस्‌सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. तिला बारावीस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय असावे लागतात. तिन्हींसाठी किमान वय १७ वर्षे. मुलगेही आता या शिक्षणाकडे येऊ लागले आहेत, तरी वर्गातील बाके अजून प्रामुख्याने मुलींनीच भरलेली असतात.

पहिले काही आठवडे पाहणाऱ्यास फार सोपे वाटतात. हात धुणे, बिछाना घालणे, चादरीचा कोपरा दुमडणे, तापमान, नाडी, श्वसन व रक्तदाब मोजून तक्त्यावर लिहिणे. बिछाना घालावयास काय शिकावयाचे, असे घरी कोणी म्हणतेही. परंतु जो रुग्ण कुशीवर वळू शकत नाही, त्याला न उचलता त्याच्याखालची ओली चादर काढून कोरडी घालावयाची असते. चादरीला सुरकुती राहिली तर त्याच जागी कातडे सोलवटते आणि पाठीला जखम होते. एवढी एक गोष्ट नीट शिकलेली मुलगी पुढे आयुष्यभर किती जणांची पाठ वाचवते याची कोणी नोंद ठेवीत नाही. इंजेक्शन देण्याचा सराव आधी प्रात्यक्षिक-खोलीतील पुतळ्यावर होतो. मग एके दिवशी समोर जिवंत दंड येतो, आणि त्या दंडाचा मालक तिच्याकडे रोखून पाहत असतो.

हिंदी किंवा मराठी माध्यमातून आलेल्या मुलीस सर्वांत मोठी भीती असते ती इंग्रजीची. शरीररचनेच्या पुस्तकातील प्रत्येक पान शब्दकोश घेऊन वाचावे लागते. तथापि अनेक शिक्षिकांचा अनुभव असा, की ही भीती वर्षभरात बरीच ओसरते, कारण शब्द वस्तूसह डोळ्यांपुढे येतात. त्यापेक्षा चिवट अडचण असते ती गणिताची; आणि शाळेतील शिक्षकांनी याकडे अवश्य लक्ष द्यावे. उदाहरण पाहा. डॉक्टरांनी ५०० मिलिलिटर सलाईन चार तासांत द्यावयास सांगितले आहे. नळीचा संच असा आहे की, एका मिलिलिटरचे २० थेंब पडतात. म्हणजे एकूण थेंब १०,०००, आणि मिनिटे २४०. भागाकार केला की मिनिटाला सुमारे ४२ थेंब येतात. घड्याळाकडे पाहत परिचारिका तेवढा वेग लावते. पण हाती आलेला संच लहान मुलांचा, म्हणजे मिलिलिटरला ६० थेंबांचा असला आणि तिने वेग तोच ४२ ठेवला, तर चार तासांची बाटली संपावयास जवळजवळ बारा तास लागतील. ज्याच्या अंगातील पाणी जुलाबांनी गेले आहे, त्याला तितकी सवड नसते. त्रैराशिक पाठ करून परीक्षेत उतरविणारी मुलगी आणि त्रैराशिक समजलेली मुलगी यांतील फरक असा मध्यरात्री, वॉर्डाच्या दिव्याखाली कळतो.

रात्रपाळीचे म्हणाल तर तिचा बाऊ करू नये, आणि तिला क्षुल्लकही लेखू नये. पहिल्या वर्षाच्या मुलीस पहाटे तीनच्या सुमारास झोप अनावर होते. याच सुमारास पुष्कळ रुग्णांची प्रकृती बिघडते, असे जुन्या परिसेविका सांगतात. पहिला मृत्यू बहुतेक मुली याच पाळ्यांत पाहतात. नातेवाईकांचा आक्रोश चालू असता मृताचे डोळे मिटणे, नळ्या काढणे, अंग पुसणे, कागद पुरे करणे हेही तिचेच काम असते, आणि शेजारच्या खाटेवरच्या रुग्णास पाणी हवे असते. त्या रात्री वसतिगृहात परतून काही मुली घरी निरोप पाठवतात, की मला परत न्या. अशा वेळी वडिलांनी लगेच गाडी पकडू नये; आठ दिवस थांबावे. बहुतेक मुली थांबतात. ज्या थांबत नाहीत त्यांनाही नावे ठेवण्याचे कारण नाही. हे काम प्रत्येकाचे नव्हे.

समाजाच्या दृष्टीविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावावा लागतो, मलमूत्राचे भांडे उचलावे लागते, म्हणून हे काम हलके, ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजलेली होती. मुंबईत १८९१ मध्ये प्रशिक्षणास आलेल्या काशीबाई गणपत यांचे नाव पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून नोंदवले जाते. त्या काळी घराण्यातील स्त्रीने हे शिकावे ही कल्पनाही पचणारी नव्हती. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबांचे ज्या पुण्याशी सोयरसंबंध होते, त्या पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनी सेवासदन स्थापन केले आणि तेथील स्त्रिया, ज्यांत विधवा पुष्कळ होत्या, ससून रुग्णालयात परिचर्या शिकू लागल्या. घरात जिला शुभकार्यात पुढे येऊ देत नसत, तिच्याच हाती दुसऱ्याच्या घरचे नवजात मूल प्रथम येऊ लागले. ती समजूत आज गेली असे म्हणवत नाही. लग्नाच्या बोलण्यात रात्रपाळीचा विषय अजून निघतो. मात्र पगाराचा विषय निघाला की तो बहुधा मागे पडतो, हेही खरे.

आता ग्वाल्हेर परिसरात अलीकडे घडले त्याकडे वळू. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमानुसार जीएनएम किंवा पदवीच्या संस्थेस स्वतःचे किमान १०० खाटांचे रुग्णालय असावे लागते. मध्य प्रदेशात मधल्या काळात परिचर्या महाविद्यालयांची संख्या झपाट्याने वाढली, आणि त्यांतील कित्येकांजवळ इमारत, रुग्णालय वा शिक्षक पुरेसे नाहीत, अशा तक्रारी न्यायालयापुढे आल्या. उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये परीक्षांना स्थगिती दिली. पुढे न्यायालयाच्या आदेशाने केंद्रीय अन्वेषण विभागाने तपासणी केली. २०२४ च्या प्रारंभी पुढे आलेल्या अहवालात ३०८ महाविद्यालयांपैकी १६९ योग्य, ७४ त्रुटी असलेली व ६५ अयोग्य ठरली. त्याच वर्षी मे महिन्यात अनुकूल अहवालासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून तपासणी पथकातील काही अधिकाऱ्यांनाच अटक झाली, आणि योग्य ठरविलेल्या संस्थांचीही पुन्हा पाहणी करण्याचा आदेश न्यायालयास द्यावा लागला.

या सर्व काळात मुलींचे काय झाले? २०२०-२१ मध्ये प्रवेश घेतलेल्या अनेकींची पहिल्या वर्षाचीच परीक्षा तीन वर्षे उलटूनही झाली नव्हती. चार वर्षांची पदवी संपवून ज्यांनी नोकरीला लागावयाचे, त्या पहिल्याच पायरीवर बसून राहिल्या. कोणी शेत गहाण ठेवून शुल्क भरले होते, कोणाचे लग्न ‘शिक्षण झाल्यावर’ म्हणून पुढे ढकलले होते. यांत मुलींचा दोष काडीचाही नव्हता. आणि दुसरीही एक गोष्ट : ज्या संस्थेत रुग्णच नाहीत, तेथून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडलेली परिचारिका उद्या तुमच्या-आमच्या खाटेजवळ उभी राहणार असते. म्हणून अशा संस्थेच्या दोषाची किंमत फक्त तेथील विद्यार्थिनीच मोजतात असे समजू नये.

तेव्हा प्रवेशापूर्वी पालकांनी, सरपंचांनी व शाळेतील गुरुजींनी एक दिवस खर्च करून प्रत्यक्ष जाऊन पाहावे. माहितीपुस्तिकेतील छायाचित्रांवर विसंबू नये. संस्थेची मान्यता चालू वर्षाची आहे काय, हे राज्याच्या परिचर्या परिषदेकडे विचारता येते. महाराष्ट्रात महाराष्ट्र परिचर्या परिषद व पदवीसाठी नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ. मध्य प्रदेशात तेथील परिषद. मग रुग्णालयात, कोणतीही पूर्वसूचना न देता, दुपारी जावे व खाटा मोजाव्यात. रिकाम्या किती, भरलेल्या किती. वरच्या वर्गातील एखाद्या मुलीस विचारावे, की तुझ्या नोंदवहीत किती बाळंतपणांची नोंद झाली? प्रसूतीचे काम शिकताना ठरावीक संख्येने बाळंतपणे शिक्षिकेच्या देखरेखीखाली करावी लागतात आणि प्रत्येकीची वहीत सही होते. वही कोरी असेल तर बाकी चौकशीची गरज उरत नाही. १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आणण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा संमत केला आहे. तरी कायदा कितीही चांगला असला तरी खाटा मोजण्याचे काम तो पालकांच्या वतीने करू शकत नाही.

चांगल्या संस्थेत हे सर्व पार पडले म्हणजे मुलीचे नाव राज्याच्या परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत चढते. तेथून तिला अधिपरिचारिका म्हणून जिल्हा रुग्णालयात जाता येते, अनुभवाने परिसेविका व अधिसेविका होता येते, पुढे शिकून अध्यापन करता येते. काही जणी परदेशी जातात. सहाय्यक अभ्यासक्रम केलेली आरोग्यसेविका उपकेंद्रात बसते. सपाट प्रदेशात सुमारे ५,००० आणि डोंगराळ वा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे असे एक उपकेंद्र धरले जाते. श्योपूरच्या सहरिया वस्तीत काय किंवा मेळघाटात काय, तेवढ्या माणसांत कोणती सून सातव्या महिन्यात आहे, कोणाच्या डोळ्यांखालची कातडी पांढुरकी पडली आहे, कोणते मूल लस न घेता राहिले आहे, हे तिला नावानिशी ठाऊक असते. पावसाळ्यात ओढा भरला की तिला विचारूनच ठरते, कोणत्या बाईला आदल्या दिवशी पलीकडे नेऊन ठेवावयाचे.